मधली 27 वर्षं

1982 साली श्रीलंकेत 4 लाख 7 हजार 230 परदेशी पर्यटक आले. 1994 साली आले 4 लाख 7 हजार 511. मधल्या 12 वर्षांत जगाचं पर्यटन कुठल्या कुठे गेलं. शेजारच्या मालदीवने तर एकेका बेटावर एकेक रिसॉर्ट बांधत अख्खा देश या धंद्यावर उभा केला. श्रीलंकेच्या खात्यात या काळात भर पडली ती 281 माणसांची. तरीही 1994 चा आकडा कागदोपत्री विक्रमच होता.

पर्यटन खात्यांच्या पत्रकांत असल्या विक्रमांना तोटा नसतो. गेल्या वर्षापेक्षा इतके टक्के जास्त, गेल्या मार्चपेक्षा इतके टक्के जास्त. ही तुलना खोटी नसते, पण तिची नजर वर्षापलीकडे जात नाही. 50-60 वर्षांचा आलेख समोर धरला की चित्र वेगळं दिसतं, आणि असा आलेख वाचायला श्रीलंकेसारखा देश शोधून सापडणार नाही. 1966 पासूनचे सलग आकडे उपलब्ध आहेत. देश बेट असल्यामुळे येणारा जवळजवळ प्रत्येक जण कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर मोजला जातो. आणि युद्ध, बंड, त्सुनामी, बॉम्बस्फोट, महासाथ, दिवाळखोरी यांपैकी काहीही या देशाला चुकलेलं नाही.

सुरुवात 1966 ची. तेव्हा देशाचं नाव सिलोन होतं. त्या वर्षी कायदा करून सिलोन टुरिस्ट बोर्ड स्थापन झालं आणि वर्षभरात पर्यटक आले 18 हजार 969. पुढच्याच वर्षापासून दहा वर्षांची योजना राबवायला घेतली. नैऋत्य किनाऱ्यावरचं बेंटोटा हे त्या योजनेचं सर्वांत देखणं फळ. हॉटेलं, बाजार आणि रेल्वे स्टेशन अशी आखणी एकत्र झाली. कोलंबोहून निघणारी गाडी समुद्राच्या काठाकाठाने येते आणि प्रवासी उतरतो तो हॉटेलांच्या दारातच. तिथलं बेंटोटा बीच हॉटेल वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी 1969 साली बांधलं. उतरती कौलं, मध्ये पाण्याचा चौक, स्वागतकक्षाच्या छताला एना डि सिल्व्हा यांनी केलेलं रंगीत बाटिकचं कापड. युरोपातल्या हिवाळ्याला कंटाळून आलेल्या माणसाला इथलं ऊन तर हवंच असतं, पण आपण नेमक्या कुठल्या देशात आलो हेही जाणवायला हवं असतं. बावांनी ते बरोबर ओळखलं होतं.

1966 नंतरची 16 वर्षं सुसाट गेली. पश्चिम जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स इथून चार्टर विमानं भरून येऊ लागली. 1971 मध्ये जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या पक्षाच्या तरुणांनी बंड केलं, त्या वर्षी आकडा 46 हजारांवरून 39 हजारांवर आला आणि पुढच्याच वर्षी 56 हजारांवर गेला. 1973 च्या तेलसंकटाने जगभर प्रवास महागला, तरी इथली चढण थांबली नाही. 1977 नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, 1979 मध्ये एअर लंका सुरू झाली आणि 1982 साली 4 लाखांचा टप्पा ओलांडला. चक्रवाढीने हिशेब केला तर या 16 वर्षांत दरसाल 21 टक्के वाढ पडते, म्हणजे दर चार वर्षांच्या आत दुप्पट.

नंतर जुलै 1983 उजाडला. कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली आणि यादवी पेटली. पर्यटकांचा आकडा दरवर्षी घसरत 1987 मध्ये 1 लाख 82 हजारांवर आला आणि सलग तीन वर्षं तिथेच रुतून बसला. उत्तरेत भारतीय शांतिसेना लढत होती आणि दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुनाचं दुसरं बंड चालू होतं. सुट्टी घालवायला या देशात यावं असं काही शिल्लक नव्हतं.

1990 मध्ये मात्र हा आकडा एकदम 61 टक्क्यांनी उसळला. त्याच वर्षी उत्तर आणि पूर्वेत युद्ध पुन्हा भडकलं होतं, तरीही. कारण दक्षिणेतलं बंड मोडून निघालं होतं, आणि पर्यटक राहतात ते दक्षिणेत. उत्तरेतलं जाफना बेंटोट्यापासून लांब आहे. म्युनिकमधल्या ट्रॅव्हल एजंटने नकाशावर बोट ठेवून ते दाखवलं की गिऱ्हाईक बुकिंग करत होतं. पर्यटकाला देशात युद्ध चालतं. आपल्या हॉटेलच्या रस्त्यावर चालत नाही. हे उत्तरेत लढणाऱ्या तमिळ टायगर्स या बंडखोर संघटनेलाही कळत असणार. 1996 च्या जानेवारीत स्फोट झाला तो कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेत, मोठ्या हॉटेलांच्या शेजारी, आणि वर्षाचा आकडा 4 लाख 3 हजारांवरून 3 लाख 2 हजारांवर आला. जुलै 2001 मध्ये कटुनायके विमानतळावरच हल्ला झाला, उभी विमानं जळाली. त्यानंतर विमान कंपन्यांना युद्धजोखमीचा विमा इतका महाग पडू लागला की कोलंबोला विमान उतरवणंच परवडेना. पर्यटकांच्या मनातली भीती ओसरेल, पण विम्याचा हप्ता भीतीच्या आधी वाढतो आणि तिच्या खूप नंतर उतरतो.

2002 च्या फेब्रुवारीत शस्त्रसंधी झाली. दोन वर्षांत आकडा 5 लाख 66 हजारांवर. 2006 पासून पुन्हा लढाई, 2008 मध्ये आकडा 4 लाख 38 हजारांवर. मे 2009 मध्ये युद्ध संपलं त्या वर्षाची नोंद आहे 4 लाख 47 हजार 890.

1982 ते 2009 ही झाली 27 वर्षं. एकूण वाढ 10 टक्के. दरसाल नव्हे, सगळी मिळून. मात्र ही सपाट रेषा नाही. तिच्यात किमान तीन पूर्ण फेरे आहेत आणि प्रत्येक फेऱ्यात उसळीच्या वर्षी कुणीतरी आनंदाने आकडे जाहीर केले असणारच. प्रत्येक उसळी खरी होती. फक्त ती जुन्या उंचीच्या आसपास किंवा वर जाऊन परत खाली येत होती.

असं का व्हावं? पर्यटकांची स्मरणशक्ती कमी असते हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. एक-दोन वर्षं शांततेत गेली की माणसं पुन्हा येतात. पण पर्यटक हा या धंद्याचा शेवटचा दुवा. त्याच्या आधी टूर कंपनीला पुढच्या हंगामाचं माहितीपत्रक वर्षभर आधी ठरवावं लागतं. विमान कंपनीला उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक कित्येक महिने आधी बांधावं लागतं. हॉटेलमालकाला कर्ज हवं असतं. या मंडळींची स्मरणशक्ती दांडगी असते. तीन वेळा हात पोळलेली टूर कंपनी चौथ्या वेळी श्रीलंकेला माहितीपत्रकात दोन पानं देत नाही, अर्ध्या पानावर भागवते आणि दोन पानं थायलंडला देते. इकडे रिकाम्या खोल्या भरायला हॉटेलं भाव पाडतात, भाव पाडला की डागडुजी थांबते, आणि चांगले वेटर-आचारी आखातात नाहीतर मालदीवमध्ये निघून जातात. पुढची उसळी येते तेव्हा तिला सामावून घेणारी व्यवस्था आधीपेक्षा थोडी दुबळी झालेली असते.

म्हणूनच आघात किती मोठा होता यापेक्षा तो पुन्हा होईल की नाही, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत श्रीलंकेत 30 हजारांहून अधिक माणसं गेली, दक्षिण किनाऱ्यावरची हॉटेलं वाहून गेली. 2005 चा आकडा घटला तो जेमतेम 3 टक्क्यांनी. अर्थात या 3 टक्क्यांवर फार विसंबू नये. मदतकार्याला आलेले डॉक्टर, अभियंते, स्वयंसेवक, पत्रकार आणि नातेवाइकांसाठी धावत आलेले परदेशस्थ श्रीलंकन हे सगळे आगमनाच्या नोंदीत पर्यटकच ठरले. वर्षापेक्षा कमी काळासाठी आलेला, रात्री मुक्काम करणारा आणि इथे नोकरी न करणारा परदेशी तो पर्यटक, अशी ही मोजणी. तो किनाऱ्यावर पहुडायला आला की ढिगारे उपसायला, ते तिथे विचारलं जात नाही. पर्यटनाची कमाई त्या वर्षी आगमनांपेक्षा बरीच जास्त घसरली, ती याचमुळे.

21 एप्रिल 2019 चं उदाहरण अधिक स्वच्छ आहे. ईस्टरच्या सकाळी तीन चर्च आणि कोलंबोतली तीन पंचतारांकित हॉटेलं बॉम्बस्फोटांनी हादरली, अडीचशेहून अधिक माणसं मेली, त्यांत चाळीसच्या वर परदेशी. वर्षभरापूर्वीच्या मे महिन्यात 1 लाख 29 हजार पर्यटक आले होते; या मेमध्ये आले 37 हजार 802. घट 71 टक्के. जूनमध्ये 63 हजार, जुलैत 1 लाख 15 हजार. डिसेंबरमध्ये 2 लाख 41 हजार, म्हणजे आदल्या डिसेंबरपेक्षा साडेचार टक्के कमी, बस्स. हल्ला थेट पर्यटकांवर होता, 1996 पेक्षा कितीतरी भीषण होता, आणि आठ महिन्यांत भरून निघाला. टोळी पकडली गेली, पुन्हा स्फोट झाला नाही, म्हणून.

इथे हंगामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण महिन्यांचे आकडे वाचताना अनेक जण त्यातच घसरतात. 2018 हे पर्यटनाला तसा मोठा धक्का न बसलेलं वर्ष. त्यात मेमध्ये 1 लाख 29 हजार आले आणि डिसेंबरमध्ये 2 लाख 53 हजार, जवळजवळ दुप्पट. मेच्या अखेरीस नैऋत्य मोसमी पाऊस बेंटोटा-गॉलच्या किनाऱ्याला भिडतो, आणि तिकडे युरोपात तेव्हा छान हवा पडलेली असते, कोण येणार? डिसेंबर ते मार्च भरतीचे, जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या सुट्ट्या आणि कँडीचा पेराहेरा उत्सव यांमुळे एक लहान उसळी. तेव्हा डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच करायची, किंवा मागच्या सलग बारा महिन्यांची बेरीज दर महिन्याला पुढे सरकवत न्यायची. म्हणजे हंगामाची वरखाली गळून पडते आणि उरतो तो खरा चढ किंवा उतार.

दीर्घ आलेखालाही अशीच एक युक्ती लागते. साध्या पट्टीवर 1966 ते 1982 चा सगळा पराक्रम तळाशी चिकटलेल्या रेषेसारखा दिसतो आणि 2010 नंतर डोंगर उभा राहतो. पट्टी प्रमाणाची घेतली, म्हणजे 20 हजारांचे 40 हजार होणं आणि 10 लाखांचे 20 लाख होणं यांना सारखीच उंची दिली, की एक चकित करणारी गोष्ट दिसते. 2009 ते 2018 या नऊ वर्षांत आकडा 4 लाख 47 हजारांवरून 23 लाख 33 हजारांवर गेला. दरसाल चक्रवाढ 20 टक्के. पहिल्या 16 वर्षांचा वेग 21 होता. दोन्ही चढणी जवळजवळ समांतर, मध्ये 27 वर्षांचं पठार.

आकडे समांतर असले तरी कारण एक नाही. पहिली चढण नवी गोष्ट घडत असल्याची होती. दुसरी बऱ्याच अंशी खड्डा भरून निघाल्याची. हे तपासायचं तर श्रीलंकेची तुलना श्रीलंकेशी करून भागणार नाही, जगाशी करावी लागेल. 1980 च्या सुमाराला जगात वर्षाला साधारण 28 कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरत. 1982 चे श्रीलंकेचे 4 लाख म्हणजे जगातल्या दर 700 पर्यटकांमागे एक. 2009 मध्ये जग 88 कोटींच्या आसपास पोहोचलं होतं. श्रीलंकेच्या वाट्याला आला दर 2,000 मागे एक. आणि 2015 मध्ये, 18 लाखांच्या आकड्यावर, पुन्हा दर 650-700 मागे एक. युद्ध संपल्यावर सहा वर्षांत श्रीलंका जगाच्या रांगेत 1982 साली जिथे उभी होती त्या जागेवर परत आली.

आणि नेमका त्यानंतरच वेग मंदावला. 2010 मध्ये 46 टक्के वाढ, 2011 मध्ये 31, 2015 मध्ये 18, 2016 मध्ये 14, 2017 मध्ये 3, 2018 मध्ये 10. 2017 ची एक वेगळी सबब होती, धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी विमानतळ कित्येक आठवडे दिवसा बंद ठेवला होता. पण उतार त्याआधीच लागला होता. सरकारने 2016 साठी 25 लाखांचं लक्ष्य ठेवलं होतं, प्रत्यक्षात आले साडेवीस लाख. खड्डा भरतानाचा वेग हाच कायमचा वेग समजून पुढची रेघ ओढली की असं होतं. ही चूक एकट्या श्रीलंकेची नाही, तिथे फक्त ती स्पष्ट दिसते.

रेघ कागदावर ओढली तर फार बिघडत नाही. ती सिमेंटमध्ये ओढली जाते तेव्हा बिघडतं. हॉटेलांचं आपल्या कांद्यासारखं आहे. भाव चढला की सगळे लागवड करतात आणि माल बाजारात येईतो भाव पडलेला असतो. कांद्याला चार महिने लागतात, हॉटेलला चार ते दहा वर्षं. 2013 साली हंबनटोटाजवळ मत्तला इथे जंगलालगत आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. तिथे विमानंच उतरेनात, आणि जगातला सर्वांत रिकामा आंतरराष्ट्रीय विमानतळ अशी त्याची ख्याती झाली. आपल्या आयटीसी कंपनीने कोलंबोच्या समुद्रकाठी हॉटेलाचं काम सुरू केलं 2014 साली, ऐन तेजीत. दार उघडलं 2024 च्या एप्रिलमध्ये. मधल्या दहा वर्षांत एक दहशतवादी हल्ला, एक महासाथ आणि एक राष्ट्रीय दिवाळखोरी होऊन गेली होती. बावांचं बेंटोट्यातलं हॉटेलही तेजीच्या काळात नव्याने बांधायला काढलं आणि पुन्हा सुरू झालं 2019 च्या अखेरीस. तीन महिन्यांत कोरोनाने विमानतळच बंद केला.

पर्यटनाच्या अभ्यासात चक्राचं नाव निघालं की रिचर्ड बटलर यांचं नाव येतंच. 1980 मध्ये त्यांनी मांडलं की एखादं ठिकाण आधी चार भटक्यांना सापडतं, मग स्थानिक लोक खोल्या देऊ लागतात, मग मोठी हॉटेलं, गर्दी, साचलेपण, आणि शेवटी उतरण किंवा नवजीवन. देशाच्या आलेखाला हा साचा नीट बसत नाही. श्रीलंकेची घसरण साचलेपणातून आली नव्हती, बंदुकीतून आली होती. पण एकेका गावाला तो चपखल बसतो. हिक्काडुवा घ्या. सत्तरच्या दशकात हिप्पी आणि प्रवाळ पाहायला पाण्यात उतरणारे लोक इथे आले, मग काठाला खेटून हॉटेलं झाली, काचतळाच्या बोटींनी आणि नांगरांनी प्रवाळ खरवडलं, 1998 मध्ये समुद्र तापून उरलेलं पांढरं पडलं. शोधक पर्यटक एव्हाना दक्षिणेकडे सरकले होते, आधी उनावटुना, मग मिरिसा, वेलिगामा. युद्ध संपल्यावर पूर्व किनारा उघडला: त्रिंकोमाली, पासिकुडा, लाटांवर स्वार होणाऱ्यांचं अरुगम बे. तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, नैऋत्येच्या बरोबर उलटा. म्हणजे 2010 नंतरच्या चढणीत जुन्या गावांची भरपाई आहे आणि नव्या गावांचा पहिला उमाळाही आहे. देशाचा एकच आकडा या दोन्हींना एका पोत्यात भरतो.

महासाथीच्या 2020-21 ला दोन वाक्यं पुरे. 2021 चा आकडा होता 1 लाख 94 हजार, म्हणजे 1978 च्या पातळीवर. त्यातून डोकं वर निघतं न निघतं तोच 2022 मध्ये परकीय चलन संपलं, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले.

2023 मध्ये आगमनं दुप्पट झाली, 14 लाख 87 हजार. 2024 मध्ये साडेवीस लाख. दुप्पट ऐकून हुरळून जायचं कारण नाही, हाही खड्डाच भरत होता: 2024 चा आकडा 2018 पेक्षा अजून 12 टक्के खाली होता, आणि कमाई 4.4 अब्ज डॉलरच्या जागी 3.2 अब्ज, म्हणजे त्याहून खाली. माणसं परतली, त्यांचे खिसे तितके परतले नाहीत.

बदलली आहे ती येणाऱ्यांची ओळख. पहिल्या चढणीत पश्चिम युरोप होता. आता पहिला क्रमांक भारताचा. 2024 मध्ये 4 लाख 17 हजार भारतीय गेले, म्हणजे 1982 साली सगळ्या जगातून जेवढे आले होते त्याहून जास्त. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांत पोहोचता येतं, फेब्रुवारी 2024 पासून यूपीआयने पैसे देता येतात, आणि नुवारा एलियाजवळच्या सीतेच्या देवळापर्यंत नेणारी रामायण सहल आपल्या टूरवाल्यांच्या यादीत असतेच. युरोपीय माणूस जास्त रात्री राहतो, आपण कमी. पण आपल्या शाळांना सुट्टी असते मे महिन्यात, जेव्हा बेंटोट्यातल्या खोल्या ओस पडायच्या. भारतीयांमुळे हंगामाची दरी थोडी उथळ होते.

दरी उथळ करणारा पाहुणा एकदम रुसला तर काय होतं, तेही शेजारीच दिसलं. 2024 च्या सुरुवातीला लक्षद्वीपवरून भारत आणि मालदीव यांच्यात समाजमाध्यमांत भांडण पेटलं आणि मालदीवला जाणारे भारतीय वर्षभरात 2 लाख 9 हजारांवरून 1 लाख 30 हजारांवर आले. मालदीवची एकूण संख्या तरीही 20 लाखांवर गेली, कारण त्यांच्याकडे चीन, रशिया आणि युरोपातून येणारे वाढले होते. श्रीलंकेत त्या वर्षी दर पाच पर्यटकांत एक भारतीय होता, आणि मे महिन्यात हे प्रमाण त्याहून जास्त होतं.